स्वमग्न मुलाचा मोजकाच आहार आणि दिवेलागणीनंतरचे अडखळणे : हा वर्तनाचा प्रश्न की डोळ्यांचा?

सांजवात :

नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचे निदान झाले. तो फारसा बोलत नाही. हवे-नको ते हाताला धरून किंवा चित्रांच्या कार्डांवरून सांगतो. आम्ही सांगलीजवळच्या एका गावात राहतो आणि घरात पूर्ण शाकाहार आहे.

गेली दोन वर्षे तो चारच पदार्थ खातो : कोरडा पांढरा भात, एका ठरावीक पुडीतली गोड बिस्किटे, खारे बटाटा वेफर्स आणि भाजलेला पापड. भातावर वरणाचा एक थेंब दिसला तरी तो ताट सरकवून देतो आणि पुढचा दिवसभर भाताकडेही बघत नाही. पाचव्या वर्षापर्यंत तो दिवसातून तीन-चार वेळा दूध पीत असे. त्या सुमारास एका सल्लागाराने आम्हाला गव्हातले ग्लुटेन आणि दुधातले केसिन बंद केल्यास वर्तन सुधारते, असे सांगितले. आम्ही दूध बंद केले. वर्तनात काहीही फरक पडला नाही, म्हणून चार महिन्यांनी पुन्हा दूध देऊ पाहिले, तर त्याने पेल्याला स्पर्शही करू दिला नाही. तेव्हापासून दूध, दही, तूप यांपैकी काहीच त्याच्या पोटात गेलेले नाही. वजन मात्र २४ किलो आहे, त्यामुळे जो बघतो तो ‘तब्येत छान आहे की’ असेच म्हणतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. गेल्या तीन महिन्यांपासून दिवस मावळला की तो भिंतीला हात लावून चालतो. ओट्यावरून अंगणात उतरायला तयार होत नाही. वीज गेली की जागच्या जागी बसतो आणि दिवे येईपर्यंत किंचाळत राहतो. परवा खाटेच्या पायाला अडखळून पडला, आणि ती खाट गेली पाच वर्षे त्याच जागी आहे. दिवसाउजेडी मात्र तो पूर्वीसारखाच धावतो. त्याशिवाय डोळे सारखे मिचकावणे आणि मुठीने चोळणे वाढले आहे. थेरपीच्या वर्गात सांगितले, तेव्हा दिवसाकडून रात्रीकडे जाण्याचा बदल त्याला सहन होत नाही, असे उत्तर मिळाले आणि संध्याकाळच्या वेळापत्रकाची चित्रे करून दिली गेली. सासूबाई मात्र पहिल्या आठवड्यापासून एकच वाक्य म्हणत आहेत, ‘पोराला रातांधळं झालंय.’ जाऊबाईंचे मत असे की, दोन दिवस उपाशी ठेवले तर तो सगळे खाईल.

वजन चांगले असताना असे होऊ शकते का? ज्या मुलाला चेहऱ्याजवळ कुणाचा हात आलेला चालत नाही, त्याचे डोळे तपासणार कसे? आणि तोपर्यंत औषधांच्या दुकानातून अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून देणे योग्य ठरेल का? कृपया ज्यांना अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे.

कृष्णाकाठ :

ताई, तुमच्या सासूबाई बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून आधी तेवढेच सांगतो की, पुढच्या महिन्याची वाट न पाहता या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

माझा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. तोही स्वमग्न आहे. सहाव्या-सातव्या वर्षी त्याचा आहार पांढरा भात, टोस्ट आणि तळलेल्या बटाट्याच्या काड्या एवढाच उरला होता. संध्याकाळी तो माझ्या शर्टाचे टोक धरून चालू लागला, तेव्हा आम्हाला ती जवळीक वाटली. आजवर कधी न बिलगणारे मूल बिलगते आहे याचा आम्हाला आनंद झाला होता, हे मी आज कबूल करतो. पुढे अंधाराला घाबरतो म्हणून आम्ही त्याच्या खोलीत रात्रभर दिवा ठेवू लागलो. मग तो उजेडालाही डोळे मिटू लागला आणि आम्ही म्हटले, ही त्याची संवेदनांची अडचण. प्रत्येक लक्षणाला ऑटिझमचे एक तयार उत्तर होते, आणि ते उत्तर देणारे सगळे शिकलेले लोक होते. यात जवळजवळ आठ महिने गेले.

शेवटी माझ्या बहिणीला त्याच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, कानाकडच्या बाजूला, साबणाचा फेस वाळल्यासारखा एक ठिपका दिसला. त्याच आठवड्यात उजवे बुबुळ धुरकट झाले. डॉक्टरांनी बघताक्षणी अ जीवनसत्त्वाची कमतरता असल्याचे सांगितले आणि रक्ताचा अहवाल येण्याआधीच औषधाचा पहिला डोस दिला. अहवालात रेटिनॉलचे, म्हणजे रक्तातल्या अ जीवनसत्त्वाचे, प्रमाण दर डेसिलिटरला ७ मायक्रोग्रॅम आले. २० च्या खाली गेले की कमतरता आणि १० च्या खाली गेले की ती तीव्र मानतात, असे आम्हाला समजावून सांगण्यात आले. तिसऱ्या रात्री वीज गेली असताना तो स्वतः उठून माठापर्यंत गेला. मी आणि त्याची आई अंधारात नुसते त्याची पावले ऐकत बसलो होतो.

मात्र उजव्या डोळ्यात फूल पडले ते राहिलेच. बुबुळावरचा तो पांढरा व्रण मधोमध नसून कडेला आहे, त्यामुळे त्याला बरेच दिसते. तरीही बहिणीच्या आधी मी तो ठिपका पाहायला हवा होता, हा विचार सहा वर्षांनंतरही जात नाही. तुमच्या मुलाचे बुबुळ स्वच्छ असेल तर तुमच्या हातात अजून वेळ आहे, आणि तो वेळ वेळापत्रकाच्या चित्रांवर घालवू नका.

एक उपयोगी गोष्ट सांगतो. त्याचा आवडता व्हिडिओ मोबाईलवर लावून तो फोन त्याच्या डाव्या बाजूला धरा, म्हणजे नजर डावीकडे वळेल. दुसऱ्या माणसाने दिवसाच्या उजेडात डोळ्यांच्या पांढऱ्या भागाचे फोटो काढावेत. मग फोन उजवीकडे धरून तेच करावे. आमच्या डॉक्टरांना पहिल्या भेटीत प्रत्यक्ष तपासणीपेक्षा या फोटोंचाच जास्त उपयोग झाला.

नेत्रवैद्य :

मी लहान मुलांच्या डोळ्यांचा डॉक्टर आहे. मुलाला न तपासता निदान करणे योग्य नाही. परंतु आपण लिहिलेली हकीकत इतकी स्पष्ट आहे की, तपासणी तातडीने व्हावी असे मी आग्रहाने सांगेन.

कमी उजेडात पाहण्याचे काम दृष्टिपटलातील, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यातील, दंडपेशी करतात. त्यांच्यात रोडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते तयार होण्यासाठी अ जीवनसत्त्व लागते. या जीवनसत्त्वाचा साठा आटू लागला की सर्वांत आधी दंडपेशींचे काम मंदावते, म्हणून दुपारी धावणारे मूल दिवेलागणीनंतर चाचपडू लागते. याच जीवनसत्त्वावर डोळ्याच्या पृष्ठभागाचा ओलावाही अवलंबून असतो. तो गेला की पांढरा भाग कोरडा आणि सुरकुतलेला दिसू लागतो, त्यावर फेसासारखे डाग येतात (ते १८६३ साली बिटो या फ्रेंच वैद्याने वर्णिले, म्हणून त्यांना बिटोचे डाग म्हणतात), आणि त्यानंतर बुबुळ कोरडे पडते. बुबुळ मऊ पडून विरघळण्याची अवस्था आली तर काही दिवसांत डोळा कायमचा जाऊ शकतो. रातांधळेपणा आणि कोरडेपणा या पायऱ्यांवरून पूर्णपणे परत येता येते. बुबुळावरच्या व्रणावरून येता येत नाही.

वजनाविषयीचा आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण नेमकी इथेच डॉक्टर मंडळींचीही फसगत होते. भात, बिस्किटे आणि वेफर्स यांतून उष्मांक भरपूर मिळतात, त्यामुळे वजन आणि उंची आलेखावर व्यवस्थित राहते. कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळात मात्र अ जीवनसत्त्व नसते आणि बटाट्यातही ते नसल्यासारखेच असते. रातांधळेपणा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दुष्काळातले हाडे निघालेले मूल येते, आणि गुबगुबीत मुलाच्या बाबतीत तो कुणाच्या मनातही येत नाही. आपल्या मुलाला पाचव्या वर्षापर्यंत दूध हा मोठा आधार होता. शासकीय कार्यक्रमात नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे एकूण नऊ डोस पाजले जातात, तेही त्याच वयात संपतात. यकृतातला साठा काही महिने पुरतो, म्हणून लक्षणे दूध बंद झाल्याबरोबर न दिसता पुष्कळ उशिरा दिसतात, आणि तोपर्यंत दुधाचा आणि डोळ्यांचा संबंध कुणाच्या लक्षात राहत नाही.

माझ्या मते यासोबत दुसरी एक तपासणी तितकीच आवश्यक आहे, ती म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची. शाकाहारी घरात ते मुख्यतः दुधातूनच मिळते. त्याच्या तीव्र कमतरतेने डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी नस, म्हणजे दृष्टिचेता, हळूहळू सुकते. त्यात वेदना नसते, दोन्ही डोळ्यांना सारखाच त्रास होतो, नजरेचा मधला भाग पुसट होतो आणि लाल रंग फिका दिसू लागतो. बोलणारे मूलही हे नीट सांगू शकत नाही, तर न बोलणाऱ्या मुलाने ते कसे सांगावे? तो चित्रांची कार्डे डोळ्यांच्या फार जवळ नेऊ लागला आहे का, किंवा पूर्वी ओळखणारी कार्डे चुकू लागला आहे का, याकडे लक्ष द्यावे. आहार अत्यंत मर्यादित असलेल्या काही स्वमग्न मुलांमध्ये अ जीवनसत्त्वाच्या दीर्घकाळच्या कमतरतेने कवटीचे हाड जाड होऊन दृष्टिचेतेची वाट अरुंद झाल्याचेही वैद्यकीय साहित्यात नोंदवलेले आहे. हे क्वचित घडते. मात्र नस एकदा सुकली की औषधाने रक्तातले प्रमाण भरून येते, गेलेली नजर बहुतेकदा पूर्ण येत नाही. रक्ततपासणीत ब-१२ बरोबर हिमोग्लोबिन, लोह, जस्त आणि ड जीवनसत्त्वही पाहावे. जस्त कमी असेल तर यकृतातले अ जीवनसत्त्व रक्तात नीट उतरत नाही, म्हणून त्याचा उल्लेख वेगळा करतो.

प्रत्येक रातांधळेपणा आहारामुळेच येतो असे नाही. दृष्टिपटलाचे काही आनुवंशिक आजारही अशाच रीतीने सुरू होतात, आणि आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्ने होत असल्याने ते घराण्यात असू शकतात. आपल्या कुटुंबात असे नाते असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. दृष्टिपटलाची विद्युत तपासणी करून हा फरक ओळखता येतो. लहान आतड्याचे किंवा यकृताचे आजार असले तरीही हे जीवनसत्त्व शोषले जात नाही, कारण ते स्निग्ध पदार्थांबरोबरच शरीरात जाते.

दुकानातून गोळ्या आणून देऊ नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. डोळ्यांत कमतरतेची चिन्हे असलेल्या एक वर्षावरील मुलाला जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार २ लाख युनिटचा एक डोस पहिल्या दिवशी, दुसरा दुसऱ्या दिवशी आणि तिसरा दोन आठवड्यांनी देतात. हे प्रमाण मोठे आहे आणि ते डॉक्टरांच्या नोंदीतच दिले गेले पाहिजे. अ जीवनसत्त्व शरीरात साठून राहते. अंदाजाने महिनोन्महिने देत राहिल्यास मेंदूभोवतीचा दाब वाढून डोकेदुखी, उलट्या आणि पुन्हा दृष्टिचेतेलाच इजा, असा उलटा परिणाम होऊ शकतो. कॉड माशाच्या यकृताच्या तेलाच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे.

शेवटी गोवराविषयी. गोवर झाला की शरीरातले अ जीवनसत्त्व झपाट्याने खर्च होते, आणि ते आधीच कमी असलेल्या मुलाचे बुबुळ त्या आजारात आठवडाभरात जाऊ शकते. लसीमुळे ऑटिझम होतो असे सुचवणारा १९९८ चा इंग्लंडमधील लेख २०१० साली मागे घेण्यात आला आहे, तरीही स्वमग्न मुलांच्या काही पालकांच्या मनात ती भीती आजही आहे. मुलाचा गोवर-रुबेलाचा एखादा डोस राहिला असेल तर तो अवश्य पूर्ण करावा.

सांजवात :

डॉक्टर, मनापासून आभार. कृष्णाकाठ दादा, तुमचे लिहिलेले वाचून मी आज सकाळी तसेच फोटो काढले. डाव्या डोळ्यात कानाकडच्या बाजूला मळकट पांढरा ठिपका स्पष्ट दिसतो आहे. उजव्या डोळ्यातही असावा असे वाटते. परवाची वेळ मिळाली आहे. माझ्या माहेरी आत्याच्या घरी लग्ने झालेली आहेत, पण आम्हा दोघांचे तसे नाते नाही. कार्डे तो जवळ नेत नाही.

मला दोन गोष्टींची धास्ती आहे. पहिली म्हणजे त्याला धरून ठेवून तपासणी करावी लागली, तर तो दवाखान्याच्या पायरीवर पुन्हा चढणार नाही. दुसरी म्हणजे औषध भातात मिसळले आणि त्याला चव कळली, तर उरलेले एक अन्नही जाईल. यावर काही मार्ग आहे का?

उंबरठा :

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट असून जेवणाच्या अडचणी असलेल्या मुलांबरोबर अनेक वर्षे काम करते. तुमची दुसरी भीती खरी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. मूल ज्या अन्नावर जगते आहे, त्या अन्नात औषध कधीही लपवू नये. या मुलांची जीभ आणि नाक आपल्यापेक्षा किती तरी बारकाईने फरक टिपतात, आणि एकदा फसवणूक झाली की केवळ तो भातच नव्हे, तर वाढणाऱ्या हातावरचा विश्वासही जातो. अ जीवनसत्त्वाचे प्रमाण अगदी थोडे असते. शासकीय द्रावणात एका मिलीलिटरमध्ये १ लाख युनिट असतात, म्हणजे २ मिलीलिटरमध्ये पूर्ण डोस होतो. सुई नसलेल्या लहान सिरिंजने ते गालाच्या आतल्या बाजूला सोडता येते. आजपासूनच रिकामी सिरिंज त्याच्या खेळण्यांत ठेवा, तिने बाहुलीला पाणी पाजा, मग त्याच्या हातात देऊन त्याला स्वतःलाच पाण्याचे दोन थेंब घेऊ द्या. दोन दिवसांत सगळी मुले तयार होत नाहीत. पण आपल्या हाताने पिचकारी दाबता येते हे कळले की निम्मा विरोध मावळतो. तोंडावाटे काहीच जात नसेल तर पाण्यात मिसळणारे इंजेक्शनही असते. त्याचा निर्णय डॉक्टर घेतील.

दवाखान्यासाठी : आधी फोन करून पहिली किंवा शेवटची वेळ मागून घ्या, म्हणजे प्रतीक्षागृहात गर्दी नसेल. त्याचे कानावरचे हेडफोन, त्याची बिस्किटांची पुडी आणि घरची चादर बरोबर न्या. डॉक्टर, विजेरी, खुर्ची आणि परतीची गाडी अशी चार चित्रे क्रमाने लावून दाखवा. डॉक्टरांना मुलाला हात न लावता दुरून पुष्कळ काही बघता येते आणि चष्म्याचा नंबर काढणारी हातातली यंत्रेही आता मीटरभर अंतरावरून काम करतात. तरीही जमले नाही तर भूल देऊन तपासणी करावी लागते. त्या वेळी एक सूचना आवर्जून करा : एकाच भुलीत डोळे, रक्ताचा नमुना आणि दात ही तिन्ही कामे उरकून घ्यावीत. या मुलांचे दात बहुधा किडलेले असतात, आणि दुखऱ्या दातामुळेच चावण्याचे पदार्थ एकेक करून गळून गेल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे. बद्धकोष्ठ आणि छातीतली जळजळ हीसुद्धा अशीच न बोलता येणारी कारणे आहेत.

तुमच्या जाऊबाईंचा सल्ला चुकीचा आहे, आणि तो किती घरांत दिला जातो हे मला माहीत असल्यामुळे जरा ठामपणे लिहिते. हट्टाने न खाणारे मूल भूक लागली की खाते. ज्याला पदार्थाचा स्पर्श आणि वासच असह्य होतो, आणि अनेकदा ज्याला पोटातली भूक नीट जाणवतही नाही, ते मूल उपाशी राहते, पाणीही सोडते, आणि शेवटी दवाखान्यात सलाईन लावावे लागते. २०१३ साली मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात अशा खाण्याला स्वतंत्र आजाराचे स्थान मिळाले. तो मुलाचा नाठाळपणा नव्हे आणि आईच्या वळणाचा दोषही नव्हे.

पदार्थ वाढवण्याचे काम साखळीसारखे करावे लागते. जे खातो त्याच्या अगदी शेजारचा पदार्थ निवडायचा आणि एका वेळी एकच गुण बदलायचा. तुमच्या मुलाचे चारही पदार्थ कोरडे, फिकट आणि तीन तर कुरकुरीत आहेत. म्हणून त्याला पपईची फोड किंवा शेवग्याची भाजी दाखवण्यात आज काही अर्थ नाही. विकतच्या वेफर्सनंतर त्याच जाडीचे घरी तळलेले बटाट्याचे काप, त्यानंतर पांढऱ्या रताळ्याचे काप, आणि त्यानंतर केशरी रताळ्याचे. पांढऱ्या रताळ्यात अ जीवनसत्त्वाचा अंश नगण्य असतो, केशरी रताळ्यात तो भरपूर असतो; पण पांढऱ्याची पायरी चुकवून केशरीकडे उडी मारता येत नाही. दुधाकडे परत जायचे असेल तर पेला विसरून जा. तशाच आकाराचे दुधाचे बिस्किट, मग त्यावर दुधाची कोरडी भुकटी भुरभुरलेली, असा मार्ग धरा. भाताला तुपाचा हात लावायचा तर पहिल्या आठवड्यात त्याच्या ताटात नव्हे, तुमच्या ताटात लावा आणि त्याला शेजारी बसवा. तूप चांगले आहे, परंतु एका चमच्याने दिवसाची गरज भागत नाही, एवढे ध्यानात ठेवा. या साखळीला महिने लागतात. म्हणून औषधाने साठा भरून काढणे आणि अन्न वाढवणे ही दोन कामे वेगवेगळी चालवावीत. एकाची गती दुसऱ्यावर लादू नये.

आणखी एक. खाणे इतके मोजके असेल तर क जीवनसत्त्वाकडेही लक्ष हवे. मूल अचानक लंगडू लागले, चालायला नकार देऊ लागले किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर तो स्कर्व्ही असू शकतो, आणि त्यालाही पहिल्यांदा वर्तनच समजले जाते.

परदेशस्थ :

मी इंग्लंडमध्ये राहते आणि माझी मुलगी स्वमग्न आहे. २०१९ साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी एका सतरा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. त्या अहवालाचा विषय ऑटिझम नव्हता, पण तो मुलगा अनेक वर्षे बटाट्याचे तळलेले काप, वेफर्स, पांढरा पाव आणि थोडे प्रक्रिया केलेले मांस एवढेच खात होता. उंची आणि वजन त्याच्या वयाला साजेसे होते. चौदाव्या वर्षी थकव्यासाठी दाखवले तेव्हा ब-१२ कमी असल्याचे कळले होते आणि इंजेक्शनेही सुरू झाली होती. ती पुढे चालू राहिली नाहीत, आणि सतराव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांची नजर गेली. तांबे आणि ड जीवनसत्त्वही कमी निघाले. मला त्या हकीकतीतली इंजेक्शने मध्येच थांबल्याची गोष्ट सर्वांत जास्त लागली, कारण अहवाल सुधारला की आपण सगळेच सैल पडतो. आमच्याकडे आता मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाच्या महिन्यात रक्त आणि डोळे तपासण्याचे ठरलेले आहे.

सांजवात :

आज जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणीतरी हेच शोधत इथे येईल.

भूल द्यावी लागली नाही. शेवटची वेळ घेतली होती. डॉक्टरांनी पहिली वीस मिनिटे त्याच्याकडे पाहिलेच नाही. ते माझ्याशी बोलत राहिले आणि तो बिस्किटे खात खोलीभर फिरला. मग त्यांनी एकेक दिवा मालवला. अर्ध्या उजेडात त्याची आवडती पिवळी मोटार जमिनीवर ठेवली, तर ती दोन हातांवर असूनही त्याला सापडली नाही, आणि दिवा लावताच त्याने ती लगेच उचलली. माझ्या डोळ्यांदेखत हे झाले, तेव्हा गेल्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक संध्याकाळी मी त्याला काय काय बोलले ते सगळे आठवले.

दोन्ही डोळ्यांत बिटोचे डाग आहेत. पांढरा भाग कोरडा आहे, बुबुळे स्वच्छ आहेत. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालताना तो फार रडला, पण दृष्टिचेता पाहता आली आणि ती निरोगी दिसते. रक्त घेतले, रेटिनॉलच्या नमुन्याला उजेड चालत नाही म्हणून नळीला चंदेरी कागद गुंडाळला होता, आणि तो कागद त्याला इतका आवडला की हात दाबून धरण्याची वेळ फार आली नाही. अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस तिथेच दिला, दुसरा उद्या सकाळी आहे. सिरिंज त्याने स्वतःच्या हाताने दाबली. थोडे हनुवटीवर आले, पण बहुतेक पोटात गेले. ब-१२ चा अहवाल चार दिवसांनी येईल.

थेरपीच्या वर्गातही मी आज हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि इतर मुलांच्या आहाराची यादी मागवण्याचे कबूल केले. सासूबाईंनी संध्याकाळी देवापाशी दिवा लावला, तो मोठ्या समईत लावला आणि उंबऱ्यावर दुसरा ठेवला, त्याला दिसावे म्हणून.

नेत्रवैद्य :

बुबुळे आणि दृष्टिचेता दोन्ही सुरक्षित आहेत, हे वाचून फार समाधान झाले. पुढील काही दिवसांत संध्याकाळच्या चालण्यात फरक जाणवावा. डाग मात्र उशिरा जातात आणि काही मुलांमध्ये थोडे राहतात. ते राहिले म्हणजे औषध लागू पडले नाही असे समजू नये, आणि तेवढ्यावरून जास्तीचा डोसही देऊ नये. चंदेरी कागदाच्या नमुन्याचा अहवाल यायला उशीर लागला तरी उपचार त्यासाठी थांबवण्याचे कारण नाही. पंधरवड्यानंतरचा तिसरा डोस कॅलेंडरवर आजच लिहून ठेवावा. संध्याकाळी फरक पडलाच नाही, तर दृष्टिपटलाची विद्युत तपासणी करून घ्यावी. स्वमग्न मुलांमध्ये चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा यांचे प्रमाणही अधिक असते, तेव्हा बाहुली मोठी केलेली असताना नंबर काढला होता का, हे डॉक्टरांना विचारावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आपल्या शाळेत किंवा गावात येत असेल तर त्यांच्या तपासणीच्या यादीत अ जीवनसत्त्वाची कमतरता समाविष्ट आहे. मुलाची नोंद त्यांच्याकडे करून घेतल्यास पुढील तपासण्या आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील थेरपी विनामूल्य मिळू शकते. ब-१२ चा अहवाल आला की आकडा इथे कळवा.